लाल फुली

"चढू का मॅडम? मोडलं तर बिल मला लावायचं नाय."

रज्जाकभाई चौगुल्यांनी बूट काढले, दर्ग्याच्या पायरीशी काढावेत तसे शेजारी शेजारी ठेवले, आणि दोन लोखंडी चॅनेलांवर आडव्या टाकलेल्या पिवळ्या फायबरच्या जाळीवर चढून उडी मारली. जाळी खाली दबली आणि परत वर आली. ते पुन्हा उडाले. भोवती जमलेली मंडळी हसायला लागली.

"अरे, हा तर झोपाळा! पोरांना आणा रे बसायला."

मी उकिडवी बसून पट्टीने जाळीचा वाक मोजत होते. "रज्जाकभाई, एका जागी उभे राहा ना. आकडा हलतोय."

"आकडा नाय, मी हलतोय. तेच तर सांगतोय. लोखंडावर उभा राहिलो तर हलतो काय मी?"

"लोखंड यापेक्षा दसपट ताठ असतं. म्हणून फायबरला खालून आधार जवळजवळ द्यायचे. मग नाही हलणार."

"आणि पेटलं म्हणजे?"

"ॲसिडच्या टाकीवर काय पेटणार आहे?"

"ते बी खरं," असं म्हणून ते आणखी एकदा उडाले.

गर्दीच्या मागून भिकाजी शिगवण पुढे आले. पांढरी मिशी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्यांनी वाकून जाळीवर हात फिरवला, अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाले, "रज्जाक, तू मार उड्या. चालायचं मला हाय हिच्यावर."

रज्जाकभाई जाळीवरून खाली उतरले.

ती माझी पहिली नोकरी. सांगलीहून मटेरियल सायन्सची पदवी घेऊन मी कोकणात, खाडीकाठच्या एका औद्योगिक वसाहतीत आले होते. कारखाना गॅल्व्हनायझिंगचा. विजेचे मनोरे, रस्त्याकडेचे खांब असलं लोखंडी सामान आमच्याकडे यायचं. ते आधी ॲसिडच्या टाक्यांत बुडवून त्याचा गंज काढायचा आणि मग वितळलेल्या जस्तात बुडवून त्याला पांढरा थर द्यायचा. लोकांच्या लोखंडाचा गंज काढणं हा आमचा धंदा. आमच्या स्वतःच्या शेडचं लोखंड मात्र त्याच ॲसिडच्या वाफेने सडत होतं.

सगळ्यांत वाईट हाल कॅटवॉकचे होते. कॅटवॉक म्हणजे टाक्यांच्या वरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी अरुंद लोखंडी वाट. तिच्या शेवटी ॲसिडचा मुख्य व्हॉल्व्ह होता. टाकीतलं ॲसिड कमजोर झालं की तो हाताने फिरवायचा. शिगवणांना प्रत्येक पाळीत तिथवर जावं लागे. दुसरी वाट नव्हती. पायाखालची जाळी कुठे पातळ झाली की रज्जाकभाई येत, तिथे लोखंडी पट्टी जोडत, आणि काही महिन्यांनी ती पट्टीही पातळ होई. कारखान्याचं सगळं वेल्डिंग त्यांच्याचकडे होतं, त्यामुळे त्यांची या व्यवस्थेबद्दल काही तक्रार नव्हती.

"इथे लोखंड ठेवावं की फायबर आणावं, ते तू अभ्यास करून सांग," असं कारखान्याचे प्रमुख कोरगावकर साहेब मला म्हणाले होते. ते कधी आवाज चढवत नसत. टेबलावर मोगऱ्याची चार फुलं ठेवलेली असायची आणि समोरच्याला आधी पाणी विचारायचे. "आपल्याला मतं नकोत, शर्वरी. पुरावा हवा."

मी पुरावा गोळा करायला लागले. लोखंडाचे आणि फायबरचे सारख्या मापाचे तुकडे नायलॉनच्या दोरीने ॲसिडच्या टाकीत सोडले. दोऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम शिगवणांनी आपण होऊन घेतलं. क्रेनचा हूक जवळ आला की ते दोऱ्या बाजूला घेत. मी सकाळी शेडमध्ये शिरले की लांबूनच बातमी देत.

"मॅडम, तुमचं लोखंडाचं पोर रोडावलं हो. अंगावर मांस राहिलं नाय."

"आणि फायबरचं?"

"ते काय, सावकाराचं पोर. जसंच्या तसं."

"शिगवणमामा, त्याला हात लावू नका हं. बोटांचा ओलावा लागला तर वजन चुकतं."

"मी कशाला लावतोय? तुमचाच हात आधी पोचतो."

एके सकाळी त्यांनी दोरी वर ओढून दाखवली. दोरीला गाठ तेवढी होती, आत काही नव्हतं. लोखंडाचा तुकडा पूर्ण विरघळला होता. शेजारच्या दोरीला पिवळा तुकडा होता तसा. मी तो धुतला, वाळवला, तोलला. फरक माझ्या काट्याला नीट दिसत नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच टाळी वाजवली. शिगवणांनीही वाजवली, हातमोजे न काढता, थबथब.

निष्कर्ष सरळ होता. ॲसिडच्या बाजूला फायबरची जाळी, आधार जवळजवळ घेऊन. जस्ताच्या भट्टीच्या बाजूला लोखंडच, कारण तिथे धग असते आणि धगीत फायबरचे तंतू बांधून ठेवणारं रेझिन मऊ पडतं, तर लोखंडाला तिथे गंजायचं काही कारण नसतं. एक पदार्थ चांगला आणि दुसरा वाईट असं काही नसतं. कोण कुठे उभा आहे, तेवढाच प्रश्न असतो. हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"उत्तम. मंजूर. माल बडोद्याहून येईल, वेळ लागेल." मग ते फोन उचलून स्टोअरला म्हणाले, "ॲसिड शेडचं वेल्डिंग आजपासून बंद. बदलायचंच आहे तर पट्ट्या कशाला लावायच्या?"

"सर, माल येईपर्यंत तरी…"

"शर्वरी, तूच म्हणालीस ना लोखंड तिथे टिकत नाही? मग न टिकणाऱ्या गोष्टीवर खर्च कशाला?"

रज्जाकभाई मला गेटवर भेटले. "अभिनंदन मॅडम. तुमचं पोर पास झालं, माझं नापास." त्यात राग नव्हता, किंवा मला ओळखू आला नाही. "एक सांगू? ते टोकाचं पॅनेल, व्हॉल्व्हच्या अलीकडचं, ते धरत नाय आता. मी एक पट्टी फुकट लावतो. साहेबांना विचारा."

मी विचारलं. ॲसिडच्या वाफेत ठिणगीचं काम करायचं तर परमिट लागतं, असं साहेब म्हणाले. ते खरं होतं. परमिटावर सही त्यांचीच लागत होती, तेही खरं होतं.

मग मी स्वतः हातोडी घेऊन कॅटवॉकवर गेले आणि एकेक पॅनेल ठोकून बघितलं. बरं लोखंड टणकन वाजतं. टोकाच्या त्या पॅनेलचा आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा आला. मी लाल ऑइलपेंट मागवला आणि त्या पॅनेलवर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली. कुणालाही, कितीही वाफ असली तरी दिसावी अशी.

शिगवण माझ्या मागे उभे होते. "फुली मारलीत, बरं केलंत. पण व्हॉल्व्ह पलीकडे हाय तो इकडे सरकवणार काय?"

ते बरोबर होतं. मी आणि रज्जाकभाईंनी गोदामातून एक जाड सागवानी फळी आणली आणि फुलीवर अशी टाकली की तिची दोन्ही टोकं शेजारच्या धडक्या पॅनेलांवर येतील. रज्जाकभाईंनी ती तारेने बांधली. "वेल्डिंग नाय म्हणाले, तार बांधू नका असं कुठं म्हणाले?" शिगवण फळीवरून व्हॉल्व्हपर्यंत गेले, परत आले आणि आमच्याकडे बघून मुजरा केला.

पहिला लॉट आला तेव्हा मी ट्रकपाशी धावत गेले होते. पिवळ्याधमक जाळ्या, कोऱ्या, रेझिनचा गोडसर वास येणाऱ्या. मी उतरवणाऱ्यांना ॲसिड शेडची दिशा दाखवली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना गॅलरीत न्यायला सांगितलं होतं.

गॅलरी म्हणजे जस्ताच्या भट्टीसमोर उंचावर बांधलेली पाहुण्यांची वाट. तिथे ग्राहक उभे राहत आणि चकाकत्या जस्तातून खांब वर येताना बघत. महिनाअखेर परदेशी ग्राहक येणार होते.

"सर, गॅलरीत फायबर नको. तिथे धग आहे. तिथलं लोखंड माझ्या-तुमच्यापेक्षा जास्त जगेल. ही जाळी ॲसिडसाठी आहे."

"हो, येईल ना दुसरा लॉट." त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "शर्वरी, माणूस घरात शिरताना उंबरठा बघतो, मोरी बघत नाही. ऑर्डर मिळाली तर सगळा कारखाना पिवळा करू."

पाहुणे आले तो दिवस कारखान्यात लग्नघरासारखा होता. गेटपासून रांगोळी, कॅन्टीनमध्ये उकडीचे मोदक. रज्जाकभाईंना दोन दिवस आधी बोलावून घेतलं होतं, झेंड्यांच्या दांड्या वेल्ड करायला. त्याला परमिट मिळालं. ते मला दांडी दाखवून म्हणाले, "बघा, हिच्यावर कुणी चालणार नाय, म्हणून मजबूत केलीय."

गॅलरीतून ॲसिड शेडचा कॅटवॉक तिरपा दिसतो, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र मला त्या दिवशी कळला. सकाळी साफसफाईची माणसं शेडमध्ये फिरली होती. साहेबांनी सांगितलं होतं की वरून बघताना काही अडगळ, ठिगळ दिसता कामा नये. मी त्या वेळी ऑफिसात पाहुण्यांसाठी नमुने मांडत होते, लोखंडाचे, जस्ताच्या थराचे, आणि साहेबांच्या सांगण्यावरून एक पिवळ्या फायबरचा.

पाहुणे गॅलरीत उभे राहिले, पायाखालच्या जाळीकडे बघून खूश झाले, फोटो काढले आणि मोदक खायला गेले. शिगवण दुपारच्या पाळीला आले. टाकी कमजोर पडली होती, व्हॉल्व्ह सोडायचा होता. मी नमुने परत ठेवायला शेडकडे येत होते. ते कॅटवॉकवर चढताना मला लांबून दिसले. टोकाशी जाऊन ते थांबले. खाली बघितलं. मग वळून ओरडले, "फळी कुठे गेली रे?"

खाली क्रेनचालक हूक लावून थांबला होता. त्याचा माल टाकीत सोडायचा होता. "मामा, उरका," तो म्हणाला.

शिगवणांनी रेलिंग धरलं आणि फुलीच्या कडेने, जिथे जाळी खालच्या आधाराच्या लोखंडी अँगलवर टेकते तिथे पाय टाकला. कोणीही तिथेच टाकला असता. मध्यापेक्षा कड बळकट असते. पण अँगलच राहिला नव्हता.

आवाज झाला नाही. लोखंड मोडतं तेव्हा आवाज होतो असं मला वाटत होतं. पॅनेल एका बाजूने खाली लोंबकळलं आणि शिगवण एका हाताने रेलिंगला धरून लटकले. त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत टाकीत होता आणि रबरी बूट ॲसिडने भरत होता.

रज्जाकभाई झेंड्याखालून धावत आले. मी आणि त्यांनी मिळून शिगवणांना वर ओढलं, शॉवरखाली नेलं. बूट निघेना. रज्जाकभाईंनी तो चाकूने उभा कापला. आत जे होतं ते मी इथे लिहीत नाही. शिगवण पूर्ण शुद्धीत होते. त्यांच्या डोक्यावरून पाणी वाहत होतं आणि ते एकच विचारत होते, "व्हॉल्व्ह कोण सोडणार? व्हॉल्व्ह राहिला."

घोट्याखालचा पाय गेला.

चौकशी कॅन्टीनच्या मागच्या खोलीत झाली. चौकशी अधिकारी म्हणून कंपनीने बाहेरचे एक वकील आणले होते. समोर कुबडी टेकून शिगवण, शेजारी त्यांचा मेहुणा. नुकसानभरपाईचा प्रश्न होता. कामगाराने सुरक्षेची स्पष्ट सूचना जाणूनबुजून धुडकावली असेल तर कंपनी जबाबदार राहत नाही, असं कलम आहे. ते मला त्या खोलीत शिरेपर्यंत माहीत नव्हतं. साहेब आले नव्हते.

"त्या पॅनेलवर लाल फुली तुम्हीच मारली?"

"हो."

"का?"

"ते पॅनेल धोक्याचं होतं म्हणून."

"म्हणजे ती सूचना होती. स्पष्ट दिसत होती?"

"हो. पण तिथे दुसरी वाट नव्हती. व्हॉल्व्ह फुलीच्या…"

"दिसत होती की नाही, तेवढंच विचारलंय. शिगवणांना ती माहीत होती?"

"ती मारली तेव्हा ते माझ्या मागे उभे होते."

वकिलांनी लिहून घेतलं. मी म्हणाले, "आम्ही त्यावर फळी टाकली होती. ती त्या दिवशी सकाळी काढली."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि चौगुले."

"कंपनीची परवानगी होती?"

"नव्हती."

"म्हणजे अनधिकृत फळी." ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, ती फळी होती हे तुम्ही न सांगाल तर तुमच्यासाठी बरं."

"लिहून घ्या," मी म्हणाले. "आणि ती काढली कोणी, तेही विचारा. पट्टी लावायला परमिट नाकारलं, तेही लिहा. फायबरचा पहिला लॉट कुठे लागला, तेही."

"ते या चौकशीच्या कक्षेत येत नाही."

त्यांनी फुलीचा फोटो टेबलावर ठेवला. स्वच्छ फोटो होता. फुलीचे दोन्ही फराटे कोपऱ्यापर्यंत गेलेले, आणि एका बाजूला भोक. ते चौकशीच्या पुराव्यातलं पहिलं पान झालं. माझी सही त्यावर घेतली, कारण फुली खरोखरच माझी होती.

बाहेर पडल्यावर शिगवण पायरीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं. मिशीत हसल्यासारखं केलं.

"जरा बारीक मारायची होती फुली, मॅडम."

रज्जाकभाईंनी त्यांना रिक्षात बसवलं. रिक्षा सुटताना ते मला एवढंच म्हणाले, "माझं लोखंड सडकं होतं, मान्य. पण तुमचं फायबर येणार म्हटल्यावर त्याच्याकडं बघायलाच कुणी राहिलं नाय."

भरपाई नाकारली गेली. शिगवणांनी पुढे दाद मागितली, मी दोनदा साक्षीला गेले, मधे तारखा पडत राहिल्या. ऑर्डर मिळाली. दुसरा लॉट आला आणि ॲसिड शेडमध्ये माझ्या आराखड्याप्रमाणे, आधार जवळजवळ देऊन, पिवळी वाट बसली. ती बसवण्याआधीच मी नोकरी सोडली होती. टाकीतली माझी, फायबरच्या तुकड्याची दोरी काढायची राहून गेली. शिगवण मात्र निकाल लागण्याआधीच गेले, घरी, झोपेत. त्यांच्या नावापुढे शेवटपर्यंत 'निष्काळजीपणा' हाच शब्द राहिला.

गेल्या वर्षी एका दुसऱ्या कंपनीच्या कामासाठी मी त्या कारखान्यात गेले. मालक बदलले होते, माणसंही. ॲसिड शेड दाखवायला पाळीचा इंजिनियर बरोबर होता, प्रणीत नावाचा. चुणचुणीत, स्वच्छ हेल्मेट. गॅलरीतल्या जाळ्या धगीने वाकड्या होऊन कधीच काढून टाकल्या होत्या, तिथे पुन्हा लोखंड होतं. पण ॲसिडवरची पिवळी वाट जशीच्या तशी होती. आम्ही तिच्यावरून टोकापर्यंत गेलो. व्हॉल्व्ह आता बटनावर चालत होता.

"पूर्वी इथे लोखंडी होतं मॅडम," प्रणीत म्हणाला. "एक ऑपरेटर पडला होता. चक्क लाल फुलीवर पाय दिला बघा. आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी फोटो दाखवतात. मोठी फुली, शेजारी भोक, खाली लिहिलंय, सूचना पाळा, पाय वाचवा. सगळे हसतात तो फोटो बघून. इतकी मोठी फुली दिसली नाही?"

"दिसली होती," मी म्हणाले. "तिच्यापलीकडे व्हॉल्व्ह होता. जायला दुसरी वाट नव्हती."

"हो का? ते नाही सांगत कुणी." मग त्याने आनंदाने पाय आपटला. "पण हे बघा ना. इतकी वर्षं झाली, एक डाग नाही. काय मटेरियल आहे, मॅडम!"

जाळी त्याच्या पायाखाली किंचित दबली आणि परत वर आली, मी काढलेल्या आकड्याइतकीच.